शुक्रवारी जिंकले, पण पदक रविवारी!

दोस्तांनो, चला, आज अमेरिकेतल्या एका चिमुकल्या गावी जाऊ या. गावाचं नाव लेक प्लॅसिड. न्यूयॉर्क शहरापासून उत्तरेला मोटारीने पाचेक तास गेलं, की डोंगरांच्या कुशीत हे गाव लागतं. गंमत म्हणजे, गावाच्या मुख्य रस्त्याकडेचं तळं लेक प्लॅसिड नव्हेच. ते मिरर लेक! वस्ती दोन-सव्वादोन हजारांची, पण हिवाळी ऑलिंपिक इथे दोनदा भरलं: १९३२ आणि १९८० साली.

इथल्या हायस्कूलला लागूनच आइस हॉकीचं बंदिस्त मैदान आहे. या खेळात गोलरक्षक धरून सहा खेळाडू. चेंडूऐवजी रबराची चकती, तिला म्हणतात पक. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रं.

१९८० साली संघ होते बारा. सहा-सहाचे दोन गट आणि प्रत्येक गटातले दोन संघ पुढे. पण पुढे अंतिम सामना नव्हताच! चौघांची साखळी होती. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. एकाच गटातून आलेले संघ पुन्हा खेळायचे नाहीत. त्यांचा आधीचा निकालच पुढे धरायचा.

अमेरिकेच्या संघात बहुतेक कॉलेजची पोरं. समोर सोव्हिएत संघ, लागोपाठ चार ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेला! तेरा दिवसांपूर्वीच सराव सामन्यात त्यांनी या पोरांना १०-३ असं लोळवलं होतं. पण शुक्रवारी, २२ फेब्रुवारीला, शेवटची दहा मिनिटं उरली असताना कर्णधार माइक एरुझिओनीने गोल मारला आणि अमेरिका ४-३ ने जिंकली. एकच जल्लोष!

पण थांबा! सुवर्णपदक अजून मिळालंच नव्हतं. रविवारी फिनलंडशी सामना होता. दोन सत्रं संपली तेव्हा अमेरिका १-२ अशी मागे! शेवटच्या सत्रात तीन गोल झाले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आता वही-पेन्सिल घ्या. स्वीडनशी बरोबरी, एक गुण. दोन विजयांचे चार. अमेरिकेचे झाले पाच. सोव्हिएत संघाचे चार. फरक एका गुणाचा! आणि स्वीडनविरुद्ध बरोबरीचा गोल कधी झाला होता ठाऊक आहे? पहिल्याच सामन्यात, अवघे २७ सेकंद उरले असताना. तो झाला नसता, तर दोघांचे गुण सारखेच झाले असते.

आता जागतिक स्पर्धेत वरच्या श्रेणीत सोळा संघ असतात. बाद फेरी असते, अंतिम सामनाही असतो. आणि प्रत्येक गटातला शेवटचा संघ खालच्या श्रेणीत जातो. म्हणजे तळाच्या संघालाही शेवटपर्यंत झुंजावंच लागतं.

लेक प्लॅसिडच्या त्या मैदानाला आज प्रशिक्षक हर्ब ब्रूक्स यांचं नाव आहे. कधी गेलात, तर शुक्रवार आठवालच. पण ते २७ सेकंदही विसरू नका हं!