तांबट आळीतले ठोके आणि पेटीतला पंखा

मंडळी, पुण्यात कसबा गणपतीचे दर्शन घेऊन निघालात, की तांबट आळी विचारा. जवळच आहे, आणि पुढची वाट कानांनीच सापडते. पेशवाईपासूनची ही तांबटांची वस्ती. मठारकामाचे ठोके तिथे आजही ऐकू येतात.

मी कसब्यात गेलो होतो ते मात्र आमच्या दिंडीच्या टेंपोतली पेटी घेऊन. मुक्कामी विजेची जोडणी मिळाली, की ही पेटी २३० व्होल्टची वीज १२ व्होल्टची करते. तिच्यावर दिवे लागतात, बॅटरी भरते. वारीला चार दिवस उरले आणि पेटी दहा मिनिटांत बंद पडू लागली. बायाबापड्यांना रात्री राहुटीबाहेर पडायचे तर उजेड नको का? दुरुस्तीवाला म्हणाला, "दोन तास लागतील, काका." मग आळीत जाऊन बसलो.

एक कारागीर घागर घडवत होता. ठोकून तांबे ताठरते, म्हणून मधूनमधून भट्टीत तापवून मऊ करावे लागते. सांडशी चांगली लांब होती. "एका टोकाला तापवलं की दुसऱ्या टोकाला हात भाजतो," तो म्हणाला.

परतलो तर पेटी उघडलेली. आत येणारी उलटसुलट वीज आधी एका दिशेची होते. मग ट्रान्झिस्टर तिचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतात, छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उतरतो आणि वीज पुन्हा एकदिशा होऊन बॅटरीकडे जाते. या खटाटोपात थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. ट्रान्झिस्टर ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्टीला जखडलेले असतात. ती उष्णता ओढून घेते, तांब्यासारखीच, फक्त जरा कमी. पण पट्टीवरची उष्णता बाहेर कोणी न्यायची? ते काम पंख्याचे. आमच्या पेटीत तो तापल्यावरच फिरतो, म्हणून थांबलेला दिसला की बिघडला असे समजू नये. त्याहून तापली तर पेटी स्वतःच बंद होते.

आमचा पंखा मात्र लोकरीच्या तुसांनी जाम झालेला. दोष आमचाच. पेटी घोंगड्यांच्या चळतीत खुपसलेली, हवेची भोके बुजलेली! नवा पंखा बसवला. घरचा इन्व्हर्टर असो वा झटका मशीनचा चार्जर, कडब्याच्या खोलीत ठेवू नका. चहूबाजूंनी वीतभर जागा सोडा. बॅटरी भरताना पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा तीही कोंडू नका. आणि पेटी स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असते.

सासवडच्या मुक्कामी पंखा घुं घुं करू लागला, तशा एक आजी दचकून म्हणाल्या, "आत भुंगा शिरलाय का रं?"