आवडत्या कलावंताचे नावडते गाणे

प्रेम आंधळे असते असे म्हणतात. हे वचन स्त्रीपुरुषांच्या प्रेमास कितपत लागू पडते ते अनुभवी लोक जाणोत. परंतु रसिकाचे आपल्या कलावंतावर जे प्रेम असते, त्यास ते मुळीच लागू पडत नाही. हे प्रेम मोठे डोळस, किंबहुना संशयी असते. परक्या गायकाने भिकार गाणे म्हटले तर आपण स्वस्थपणे आपल्या कामास लागतो. पण आपल्या गायकाने तसे केले, की घरच्या वडीलधाऱ्या माणसाने भर रस्त्यात नाचू लागावे तशी आपली स्थिती होते. पाहवतही नाही आणि तेथून पायही निघत नाही.

हा अनुभव आम्हांस १९९१ साली आला. तेव्हा आम्ही महाविद्यालयात शिकत होतो आणि आर. ई. एम. या अमेरिकन रॉक बँडचे निस्सीम भक्त होतो. जॉर्जिया राज्यातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावी १९८० साली चार तरुणांनी हा बँड उभारला. मायकेल स्टाइप गात असे, पीटर बक गिटार वाजवी, बेस माइक मिल्सकडे आणि ड्रम बिल बेरीकडे. १९८३ साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमचे नाव ‘मर्मर’, म्हणजे पुटपुट. आणि ते अगदी सार्थ होते. स्टाइपचे शब्द धड ऐकू येत नसत, आणि ऐकू आले तर त्यांचा अर्थ लागत नसे. आम्ही मित्र एकच कॅसेट पुनःपुन्हा मागे फिरवून एकेका ओळीवर वाद घालीत असू. जुन्या टीकाकारांनी एखाद्या कूट श्लोकाचे निरनिराळे अन्वय लावावेत तसे. या कष्टांत मोठे सुख होते, आणि थोडा अहंकारही होता. जे चारचौघांस कळत नाही ते आपणांस आवडते, यापेक्षा अधिक गोड भावना विशीच्या वयात दुसरी कोणती असणार?

त्या वर्षीच्या मार्चमध्ये त्यांचा ‘आउट ऑफ टाइम’ हा अल्बम निघाला. त्यातील ‘लूझिंग माय रिलिजन’ हे मँडोलिनच्या आधाराने चालणारे खिन्न गाणे अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. अखेर जग आपल्या रुचीपर्यंत वर आले, अशी आमची समजूत झाली. इतक्यात मागोमाग ‘शायनी हॅपी पीपल’ आले! आरंभी व्हायोलिनादी वाद्यांचा तीन मात्रांचा गोड झोका, मग उसळती गिटार, आणि चकचकीत सुखी माणसांचे गुणगान. जोडीस त्याच गावच्या बी-फिफ्टीटूज या बँडमधील केट पिअरसनचा खणखणीत आवाज. चित्रफितीत तर एक वृद्ध गृहस्थ सायकलीचे पायडल मारून रंगीत पडदा सरकवीत आहे, आणि त्यापुढे आमची ही गंभीर दैवते बागडत आहेत. गाणे अमेरिकेत दहाव्या आणि ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकास पोहोचले.

आमच्या मंडळीत तत्काळ तीन पक्ष पडले. पहिला म्हणे, १९८८ साली वॉर्नर ब्रदर्ससारख्या बड्या कंपनीशी करार केला त्याचेच हे फळ. दुसरा म्हणे, हा सारा उपरोध आहे. तो न कळणारे अरसिक होत. तिसरा पक्ष काहीच बोलत नसे. तो खोलीचे दार लावून घेऊन ते गाणे गुणगुणत असे. यातली गंमत अशी, की दिवसा पहिल्या दोन पक्षांत भांडणारे बहुतेक वीर रात्री तिसऱ्या पक्षात सामील होत. सूर एकदा कानात शिरला की निघता निघत नसे. राग यावयाचा तो गाणे वाईट आहे म्हणून, की ते आपणांसही आवडते म्हणून, हेच कळेनासे झाले होते.

रसिकाची ही तक्रार नवी नव्हे. १८०२ साली जॉन विल्सन नावाच्या एका तरुण भक्ताने वर्डस्वर्थला पत्र लिहिले. कवितांची स्तुती केली. परंतु ‘दि इडियट बॉय’ ही कविता मात्र आनंद देत नाही, असे स्पष्ट कळविले. वर्डस्वर्थने लांबलचक उत्तर लिहून आपल्या त्या अपत्याची बाजू घेतली. विल्सनचे पत्र आमच्याही मनातले आहे. आपल्या कवीने आपल्या रुचीस लाज आणू नये, एवढेच त्याचे मागणे. परंतु हे मागणे वरवर नम्र दिसले तरी मोठे जुलमी आहे. कलावंताने आमच्या वतीने सदैव उदास राहावे, आणि आम्ही त्याच्या उदासीवर आपली प्रतिष्ठा मिरवावी, असा हा करार. आणि त्यावर कलावंताची सही कधीच झालेली नसते.

आमच्या बँडने मात्र वर्डस्वर्थचा कित्ता गिरविला नाही. १९९९ साली ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमात त्यांनी हे गाणे शब्द बदलून केसाळ राक्षसांच्या बाहुल्यांबरोबर म्हटले, तोवर ठीक होते. पण २००३ साली १९८८ पासूनच्या निवडक गाण्यांचा संग्रह निघाला, त्यात हे गाजलेले गाणे नव्हते! आमच्या पहिल्या पक्षाचा हा केवढा विजय! तथापि विजयाचा आनंद कोणासच झाला नाही. बारा वर्षे ज्याला नावे ठेविली, त्याला त्याच्या जनकांनीच दाराबाहेर काढलेले पाहून आम्हांस प्रथमच त्याची कणव आली. आपल्या घरच्या खोडकर पोराला आपण खुशाल रागे भरावे. पण बापाने त्याचे नावच गाळले तर ते आजीला कसे सोसावे?

पुढे २०११ साली बँड विसर्जित झाला, आणि त्याच वर्षी निघालेल्या समग्र कारकिर्दीच्या संग्रहात हे गाणे परत घेतले गेले. ‘लूझिंग माय रिलिजन’ जेथे आहे, तेथेच जवळपास तेही बसले आहे. आम्हांस ते योग्य वाटते. ‘शायनी हॅपी पीपल’नंतरच्याच वर्षी, १९९२ साली, याच मंडळींनी मृत्यू आणि वियोग यांनी भरलेला ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ दिला. ज्या कंठाने ‘एव्हरीबडी हर्ट्स’ म्हणून आमचे सांत्वन केले, त्याला बाहुल्यांबरोबर खिदळण्याची मुभा आम्ही न द्यावी, तर कोणी द्यावी? गाणे अजूनही थोडे बाळबोधच आहे. मात्र आता ते लागले, म्हणजे खोलीचे दार आम्ही उघडेच ठेवतो.