नववा नंबर

नागपूर

प्रिय ताई,

फोनवर बोलता आलं असतं, पण हे भाऊजींनीही नीट वाचावं म्हणून लिहितोय. तुझी पोट्टी परदेशातल्या ज्युनिअर स्पर्धेत नववी आली, म्हणजे संपलं का, असं तू विचारतेस. तिकडे भाऊजी आतापासून ऑलिंपिकचं वर्ष मोजून राहिले. मला दोन्ही घाईचं वाटतं.

तिच्या पाच हजार मीटरचा व्हिडिओ मी हातात घड्याळ घेऊन पाहिला. सुरुवातीला ती पुढच्या घोळक्यात होती, मग मागे सुटली, मधल्या फेऱ्या एकटीच ओढत राहिली आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत तिने दोघींना गाठलं. नंबरापेक्षा मला हे शेवटचं मोलाचं वाटतं. इथे मानकापूरच्या ट्रॅकवर ती तिसऱ्या फेरीतच सगळ्यांना सोडून पुढे जाते आणि मग तिची शर्यत फक्त घड्याळाशी उरते. गर्दीत कोपर कसं सांभाळायचं, आतल्या बाजूला कोंडी झाली तर केव्हा बाहेर पडायचं, कुणी एकदम वेग वाढवला तर लगेच मागे जायचं की दम राखायचा, हे तिला इथे शिकवायला बरोबरीची पोरगीच नाही. नडगीवर दुसरीच्या स्पाइक्सचा ओरखडा घेऊन ती परत आली. अशा स्पर्धेला पाठवायचं ते याच अनुभवासाठी.

भाऊजींना बोस्टनची गोष्ट सांग. १९९२ च्या जागतिक क्रॉस कंट्रीत ज्युनिअर मुलींच्या शर्यतीत ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ पहिली आली, चीनची वांग जुनशिया दुसरी आणि केनियाची लिडिया चेरोमेई तिसरी. आदल्या वर्षी अँटवर्पला हीच पॉला पंधरावी होती, आणि तिथे जिंकलेली चेरोमेई तेव्हा अवघी तेरा वर्षांची! पुढे पॉलाने २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन धावून जागतिक विक्रम केला, पण ऑलिंपिकचं पदक तिच्या वाट्याला आलं नाही. चेरोमेईलाही नाही. वांगने मात्र १९९६ ला अटलांटात पाच हजार मीटरचं सुवर्ण घेतलं. त्या दिवशी बोस्टनमध्ये निकालाचा कागद हातात घेऊन यातलं काय सांगता आलं असतं?

उलट अविनाश साबळे घे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा पोरगा. बारावीनंतर सैन्यात गेला, तिथे क्रॉस कंट्री धावू लागला आणि स्टीपलचेसला लागला तो २०१७ मध्ये, म्हणजे ज्युनिअर वय उलटून गेल्यावर. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळ देऊन त्याने रौप्य घेतलं. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशाने. ज्युनिअरच्या यादीत त्याला शोधायला गेलं असतं तर नावच सापडलं नसतं.

म्हणून अठराव्या वर्षीचा नंबर वाचताना मी आधी विचारतो, पोर किती वर्षं पद्धतशीर धावतेय? तिच्या पुढे आलेल्या काहीजणी आठ-आठ वर्षं रोज दोन वेळा सराव करत असतील. आपली तीन वर्षांपूर्वी शाळेच्या आठशे मीटरपासून सुरू झाली. शिवाय मुलींचं अंग सोळा ते एकोणीसच्या दरम्यान बदलतं. वर्षभर शर्यतीची वेळ सुधारत नाही, कधी बिघडतेही. याच वर्षात घरचे आणि कोच घाबरतात, जेवण तोडतात, पळणं वाढवतात, आणि पोरीची पाळी बंद होते, हाडं दुखू लागतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता राग येतो. ताई, तिचं जेवण कुणालाही कमी करू देऊ नकोस. कोचलाही नाही.

खरी भीती मला विशीनंतरची आहे. ज्युनिअरचा किट, प्रवास, शिबिर कुणीतरी पाहतं. वय उलटलं की कुणी विचारत नाही. आपल्याच नागपूरची प्राजक्ता गोडबोले २०१९ मध्ये इटलीत जागतिक विद्यापीठ स्पर्धेत पाच हजार मीटर धावली. पुढच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये शर्यती बंद पडल्या, बक्षिसांचे पैसे थांबले आणि घरी दोन वेळच्या जेवणाची पंचाईत झाल्याच्या बातम्या आल्या. देशासाठी धावलेल्या पोरीवर ही वेळ यावी, हे मला आजही सहन होत नाही. अशा वेळी मुलं दर रविवारी इनामी मॅरेथॉनच्या मागे लागतात. पाच हजारांसाठी आज अकोला, परवा आणखी कुठे. पाय तिथेच जातात. मी त्यांना दोष देत नाही, घर चालवायचं असतं. पण आपल्या पोट्टीवर निदान बावीसपर्यंत ही वेळ येऊ नये, एवढं आपण भावंडं मिळून पाहू. शूज आणि खुराक माझ्याकडे लागला.

बारावीचा फॉर्म तिला भरू दे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी या स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेव, लॅमिनेशन मात्र करू नकोस. मे महिन्यात सराव पहाटे पाचला, साडेसहाच्या आत घरी. आणि या आठवड्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन तपासून घे. मधल्या फेऱ्यांत ती ज्या तऱ्हेने रखडली, त्यावरून मला लोहाच्या कमतरतेची शंका आहे. रिपोर्ट आला की फोटो पाठव, मग पुढच्या तीन महिन्यांचं वेळापत्रक तिच्या कोचशी बोलून ठरवतो.

तुझा,
भाऊ