धनंजय, छोटू आणि आमची वही

बाबुराव अर्नाळकरांचे नाव साहित्याच्या वर्गात निघालेच, तर ते बहुधा आकड्यासाठी निघते. चंद्रकांत सखाराम चव्हाण या गृहस्थांनी ह्या टोपणनावाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि १९९६ साली ते निवर्तले, एवढे सांगून प्राध्यापक पुढल्या मुद्द्याकडे वळतात. आम्हीही वर्गात हेच करीत आलो आहोत. वस्तुतः वाचनाची गोडी आम्हांला लागली ती भायखळा स्टेशनाजवळ, जिन्याखालच्या एका अंधाऱ्या वाचनालयातील मळकट धनंजय-छोटूंमुळे. ही कबुली देण्यास पन्नाशी उलटावी लागली, यातच आमच्या समीक्षेच्या सोवळ्याविषयी पुरेसे आले.

धनंजय हा खासगी गुप्तहेर, छोटू त्याचा साहाय्यक. इंग्रजीतल्या सेक्स्टन ब्लेकची व त्याच्या टिंकरची आठवण व्हावी, अशी ही जोडी. पण उसनवारीचा हिशेब मांडत बसले की एक गोष्ट निसटते. खासगी गुप्तहेर महानगराशिवाय संभवत नाही. गावात कोण कोणाचा हे सर्वांना ठाऊक असते; तेथे गुपित टिकते ते सर्वांनी मिळून राखल्यामुळे. अनोळखी माणसे भिंतीला भिंत लावून राहू लागली, की मोबदला घेऊन माणसाचा माग काढणारा तिऱ्हाईत लागतो. कोकणातून नि घाटावरून आलेल्या गिरणगावाला धनंजय का आवडला असेल? या गर्दीत माणूस हरवला तरी शोधल्यास सापडतो, असे आश्वासन तो देत असे.

त्याच शहराचे दुसरे लेखन मात्र हे आश्वासन देत नव्हते. भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' १९६५ साली आला, बाबुराव बागुलांचे 'मरण स्वस्त होत आहे' १९६९ साली. तेथेही हिंसा आहे, पण गुप्तहेराला काम नाही. 'कोणी केले' हा प्रश्नच उरत नाही. ते नाक्यावरच्या प्रत्येकाने पाहिलेले असते. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये (१९९७) धुरींचा नरू गुंडगिरीत शिरतो आणि मारला जातो. मारेकऱ्याचे नाव कळावे, असे ते नाटक पाहताना आम्हांला एकदाही वाटले नाही.

हे आम्ही आज म्हणतो. १९८३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, आमची निष्ठा पूर्णपणे धनंजयाकडे होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांमागे बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; तो विरत गेला. आमचे वडील आणि काका घोडपदेवच्या एकाच खोलीत राहत, एकाच गिरणीत जात. दीड वर्षाने वडील कामावर परतले, काका परतले नाहीत. त्या वर्षीचे गणपती झाल्यावर एका सकाळी काका घरातून निघाले, ते आलेच नाहीत. पोलिसांत 'हरवला' अशी नोंद झाली. गावी पत्रे गेली. आजी आम्हांला म्हणाली, "इतकी पुस्तकां वाचतंस, मगे तुझ्या काकाक सोधून काढ."

ती कदाचित उद्वेगाने बोलली असेल. आम्ही मात्र शंभर पानी वही घेतली आणि वर 'प्रकरण पहिले' असे लिहिले. काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत गिरणीचा पास, पॅलेस टॉकीजची अर्धी तिकिटे आणि अंगठी गहाण टाकल्याची चिठ्ठी मिळाली. अंगठी आजोबांची होती. ती गेल्याचे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आम्ही खडा पारशापासून राणीच्या बागेपर्यंत माग काढला. बागेत तेव्हा भर दुपारी धडधाकट माणसे पिंजऱ्यांसमोर बसलेली असत. त्यांतल्या दोघांनी काकांना ओळखले. ते रोज येथे येत, हत्तीपाशी बसत, चार वाजता उठत. घरी ते 'युनियनच्या कामाला' म्हणून सांगत.

धनंजयाला एवढ्या धाग्यांवरून गुन्हेगार गाठता आला असता. (खासगी गुप्तहेरांच्या नियमनाचे विधेयक आपल्याकडे २००७ साली आले, त्याचा कायदा झाला नाही, खासगी सुरक्षारक्षकांचा मात्र २००५ सालीच झाला. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांना कोणाची गरज अधिक होती, हे उघड आहे.) आमच्या कथेत गुन्हेगार हवाच होता, कारण त्याशिवाय पुस्तक संपत नाही. म्हणून आम्ही संशयितांची यादी केली. पहिले नाव वडिलांचे. पुढे कारण लिहिले: 'मंगळवारी रात्री कामावर जाण्यावरून भांडण. भेकड म्हणाले. काका रडले.'

काका परत आले नाहीत. दीडेक महिन्यांनी वही नेहमीच्या जागी, फळीवरच्या डब्यामागे नव्हती. दुसऱ्या दिवशी ती होती. वडील त्याविषयी काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढे जिवंत असेपर्यंतही नाही. आम्ही पान उघडून पाहिले. 'मंगळवारी' हा शब्द पेन्सिलीने खोडला होता आणि वर, गिरणीच्या हजेरीपटावर असते तशा सावकाश अक्षरात, 'सोमवारी' असे लिहिले होते. 'भेकड म्हणाले' याच्यापुढे आम्ही कोण कोणाला म्हणाले हे लिहायचे विसरलो होतो. तेथे त्यांनी लिहिले होते: 'मी, त्याला.'