गासडीतून जाणारे पोटॅश

पंजाब-हरियाणातील शेतकरी भाताचा पेंढा जाळतो, याची बातमी दर ऑक्टोबरला होते. तोच पेंढा त्याने विकला तर पदरात काय पडते, हा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो.

पानिपतच्या इंडियन ऑइल इथेनॉल प्रकल्पाचे उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झाले. वर्षाकाठी २ लाख टन पेंढा आणि त्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची आखणी; म्हणजे टनामागे १५० लिटर. एकरी अडीच टन पेंढा धरला, तर त्यासाठी ८० हजार एकरांचे रान लागते. सुटा पेंढा इतका विरळ की ट्रॉलीतून मुख्यतः हवाच वाहिली जाते. म्हणून बेलरने त्याच्या गासड्या बांधायच्या, आणि त्याही भाताची कापणी व गव्हाची पेरणी यांमधल्या दोन-तीन आठवड्यांत. २००९ च्या भूजल कायद्यांनी लावणी जूनच्या मध्याकडे ढकलल्यापासून ही सवड आणखी आखडली. बेलरची पाळी येईपर्यंत लहान शेतकऱ्याने थांबायचे. काडेपेटी मात्र हाताशीच असते. किमतीचा मोठा वाटा बांधणी, वाहतूक आणि साठवण यांतच जिरतो.

आता पेंढ्यातून आणखी काय जाते ते पाहू. टनभर पेंढ्यात सुमारे ५.५ किलो नत्र, २.३ किलो स्फुरद आणि २५ किलो पालाश असते. पेंढा जाळला तर नत्र जवळजवळ सारे उडून जाते. पालाश मात्र बहुतांशी राखेत, म्हणजे शेतातच राहते. पेंढा विकला की तेही गासडीबरोबर जाते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असते. त्या मापाने टनामागे ४० किलोंहून अधिक खत, म्हणजे जवळजवळ एक पोते. हे खत भारत आयात करतो. जाळणे त्यामुळे योग्य ठरत नाही (धुराची किंमत फुप्फुसे मोजतात). पण पेंढ्याला ‘कचरा’ म्हणणाऱ्या खरेदीदाराने हे पोते हिशेबात धरायला हवे. तेथील मातीत अभ्रकवर्गीय खनिजे मुबलक आहेत, म्हणून ही तूट लगेच जाणवत नाही, इतकेच.

संगरूर जिल्ह्यात लेहरागागा येथे २०२२ मध्येच सुरू झालेला बायोगॅस प्रकल्प या दृष्टीने अधिक न्याय्य वाटतो. रोज ३०० टन पेंढा पचवून ६०० टनांवर सेंद्रिय खत बाहेर पडावे, अशी त्याची रचना आहे. त्यात पालाश परत येते. फक्त आता एका टनाच्या जागी दोन टन ओले खत शेतापर्यंत वाहायचे आहे, आणि त्या ट्रॉलीचे भाडे कोणी द्यायचे हे ठरायचे आहे.