एका नावापुरते अक्षर

चिनी लिपीतील हजारो अक्षरांपैकी बहुतेकांचा जन्म काळाच्या धुक्यात हरवलेला असला, तरी ‘झाओ’ हे दुर्मीळ अक्षर कोणासाठी आणि कोणत्या साली घडले, याची नोंद इतिहासाने ठेवली आहे. चीनमध्ये स्वतःच्या अधिकाराने सम्राटपदावर बसलेली एकमेव स्त्री वू झेतियान हिच्या दरबाराने ६८९ मध्ये, म्हणजे तिच्या राज्यारोहणाच्या आदल्या वर्षी, काही नवी अक्षरे प्रचारात आणली आणि त्यांतले हे तिने आपल्या नावासाठी घेतले.

या अक्षराच्या सोळा रेघा तीन जुन्या चिन्हांत वाटल्या गेल्या आहेत. वर डावीकडे सूर्य, त्याला खेटून चंद्र आणि दोघांना पेलणारे आकाश खाली. उच्चार मात्र ‘प्रकाशणे’ या जुन्याच क्रियापदाचा. सूर्य हा ‘यांग’ म्हणजे पुरुषतत्त्व आणि चंद्र हा ‘यिन’ म्हणजे स्त्रीतत्त्व, असे मानणाऱ्या आणि स्त्रीच्या राज्याला नाके मुरडणाऱ्या दरबाराला यातला युक्तिवाद समजावून सांगण्याची गरज नव्हती. शिवाय आकाशाच्या त्याच चिन्हाचा दुसरा अर्थ ‘रिकामे’ असा असून, संस्कृत बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत नेणाऱ्यांनी ‘शून्यता’ या संज्ञेसाठी तेच योजले होते. बौद्ध धर्माच्या आधाराने सिंहासन गाठणाऱ्या या स्त्रीच्या कानी तो ध्वनी पडलाच नसेल, असे मानणे कठीण आहे.

सम्राटाच्या नावातला उच्चारही इतरांनी टाळावा, असा तिथला दंडक असल्यामुळे राजाज्ञेसाठी रूढ असलेला ‘झाओ’ हा समोच्चारी शब्द बदलून ‘झी’ करण्यात आला. एका माणसासाठी घडलेल्या अक्षराला दुसरे काम मिळणे तसे अवघडच. त्याच्या भावंडांपैकी ‘राज्य’ या अर्थाचे, चौकटीत ‘आठ दिशा’ कोंडलेले अक्षर जपानमध्ये तोकुगावा मित्सुकुनी (१६२८–१७०१) याच्या नावात टिकले. ‘माणूस’ या अर्थाचे, ‘एक’ आणि ‘जीवन’ यांच्या जोडणीतून झालेले देखणे अक्षर मात्र ७०५ मध्ये तिची सत्ता गेल्यावर इतरांबरोबर मागे पडले. आज एखाद्या जुन्या हस्तलिखितात ही अक्षरे दिसली, की अभ्यासकांना त्याचा काळ ठरवायला मदत होते.

सोंगशान पर्वतावर १९८२ मध्ये एका शेतकऱ्याला सोन्याचा पातळ पत्रा सापडला. सुमारे ३६ सेंटिमीटर लांबीच्या या पत्र्यावर त्रेसष्ट अक्षरे कोरलेली असून, इसवी सन ७०० मध्ये म्हातारपणी वू झेतियानने तो देवतांसाठी डोंगरावर सोडवला होता. त्यात स्वर्गातल्या अधिकाऱ्यांना आणि कचेऱ्यांना एवढीच विनंती आहे, की वू झाओच्या नावावरचे दोष काढून टाकावेत. आणि त्या विनंतीतही नाव लिहिले आहे ते सूर्यचंद्रांसकट.