तिसरं व्रत आणि नातवाची चिप



दिवाळीला पुण्याहून मुलगा, सूनबाई आणि नातू सटाण्याला आले होते. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नातू ओट्याशी येऊन उभा राहिला. हातात त्याचा गेम खेळायचा निन्टेन्डो स्विच.

“आजी, तू बाबांना सांग ना. तुझं ते ऐकतात.”

सांगायचं ते असं. हा स्विच सूनबाईच्या भावाने दुबईहून आणलेला. निन्टेन्डो कंपनी आपल्याकडे अधिकृतपणे तो विकत नाही, बाहेरून आलेलाच मिळतो. त्याचा एकेक गेम साधारण चार हजारांना. नाशिकला एक दुकानदार साडेपाच हजारांत मशीनमध्ये चिप बसवून देतो, वर पन्नास गेम भरून देतो. मग आयुष्यभर गेम विकत घ्यायला नको.

“पन्नास गेम म्हणजे दोन लाख रुपये, आजी! साडेपाच हजारात!”

मी 1981 ची बी.कॉम. नोकरी कधी केली नाही, पण घराचा हिशेब पै-पैचा ठेवला. नुसतं ‘नको’ म्हणणं मला जमत नाही. कढईखालचा गॅस बंद केला आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले.

पहिला प्रश्न विचारला, “गेल्या वर्षी किती गेम खेळलास?” तीन. म्हणजे बचत दोन लाखांची नाही, वर्षाला फार तर बारा हजारांची. दुसरा प्रश्न, “खेळून झालेला गेम विकता येतो का?” तर येतो. स्विचचे गेम छोट्या कार्ट्रिजवर मिळतात. जुनं कार्ट्रिज अडीच-तीन हजारांना घ्यायचं, खेळून झालं की पाच-सहाशे कमी करून विकायचं. म्हणजे एका गेमचा खरा खर्च पाच-सहाशे रुपये. चिपवाल्या गेमला मात्र विक्रीची किंमत शून्य. आमच्या भाषेत सांगायचं तर एक मालमत्ता आहे आणि दुसरा निव्वळ खर्च.

मग जोखमीचा रकाना. मुलगा संगणकातलाच, त्याने समजावून सांगितलं. 2018 च्या मध्यापर्यंत बनलेल्या स्विचमध्ये एक दोष राहून गेला होता. तो मूळ प्रोसेसरमध्येच असल्यामुळे कंपनीला नंतर सॉफ्टवेअर पाठवून दुरुस्त करता आला नाही. त्या मशीन काही न उघडता वळवता येतात. नातवाचं मशीन त्यानंतरचं. ते उघडावं लागतं आणि प्रोसेसरच्या शेजारी केसाएवढ्या तारा डाग देऊन जोडाव्या लागतात. हात जरा हलला तर तीस हजारांचं मशीन गेलं. आणि जमलं तरी कंपनीच्या लक्षात आलं की ते मशीन ऑनलाइन सेवेतून कायमचं बंद. मग मित्रांबरोबर ऑनलाइन शर्यती खेळणं संपलं. 2025 मध्ये स्विच 2 बाजारात आला, त्याच्या सुमारास कंपनीने अमेरिकेतल्या करारात लिहूनच टाकलं की असे फेरफार केले तर मशीन पूर्ण निकामी करण्याचा अधिकार आम्हाला आहे.

कायद्याचंही आहेच. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली 65अ हे कलम आलं. दुसऱ्याच्या हक्काचं उल्लंघन करायच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. अमेरिकेत गॅरी बाउझर नावाच्या माणसाला स्विचच्या अशा चिपा विकणाऱ्या टोळीत काम केल्याबद्दल 2022 मध्ये चाळीस महिन्यांची शिक्षा झाली. तो विकणाऱ्यांतला होता, घरी खेळणारा नव्हे. आमच्या दारात पोलीस येतील असं मी नातवाला सांगितलं नाही. मुलांना खोटी भीती घातली की ती एक दिवस उतरते आणि मग आपलं खरंही कोणी ऐकत नाही.

नातू आमच्या सटाण्याचाच, बोलण्यात हार मानणार नाही. म्हणाला, “पण आजी, देवमामलेदारांनीसुद्धा सरकारी खजिन्याचं कुलूप उघडलंच होतं ना!”

आम्ही सगळे हसलो. 1870-71 च्या दुष्काळात यशवंतराव महाराजांनी खजिना लोकांसाठी उघडला, ही गोष्ट मीच त्याला यात्रेत पाळण्यात बसून सांगितली होती. मी म्हटलं, “बाळा, त्यांनी भुकेल्यांसाठी उघडला आणि जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. आपण आपल्या करमणुकीसाठी उघडणार आणि नुकसान गेम बनवणाऱ्याच्या शिरावर टाकणार.”

उत्तर चांगलं जमलं. पण मुलाकडे पाहिलं तर तो माझ्याकडे बघत नव्हता, चहाच्या कपात बघत होता. आणि का, ते मला माहीत होतं.

आमच्या माळ्यावर त्याचा कॉलेजातला प्लेस्टेशन 2 आहे. 2007 साली त्यात चिप बसवली होती, पैसे मी दिले होते. त्या वेळी अस्सल डिस्क हजार-पंधराशेच्या पुढे आणि कॉपी केलेली ऐंशी रुपयांना. अस्सल डिस्कवर एक खूण असते, ती घरच्या कॉपीत उतरत नाही. मशीन सुरू होताना ती खूण तपासतं. चिप मधे बसून सांगते, ‘आहे हो, अस्सल आहे.’ घरोघरी हेच चालायचं. चूक आहे असं कोणाच्या मनातही येत नसे.

दुपारी सगळे झोपल्यावर मी कपाटातून 2007 ची वही काढली. चिप 1200, डिस्क 20 नग 1600, एकूण 2800. रक्कम बरोबर होती, नाव मात्र वेगळं. समोर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘क्लासचे साहित्य’.

यांनी विचारलं असतं म्हणून तसं लिहिलं होतं.

प्रतिक्रमणात तिसऱ्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण कितीदा म्हणतो! चोरीचा माल घेणं, चोराला साहाय्य करणं, राज्याच्या नियमाविरुद्ध वागणं, खोटं माप-तोल, आणि अस्सलाच्या जागी नक्कल खपवणं. मला नेहमी वाटायचं, हे दुकानदारांसाठी आहे, आपण गृहिणी, आपला काय संबंध? त्या दुपारी बोटांवर मोजलं. कॉपी केलेली डिस्क म्हणजे चोरीचा माल. त्या विक्रेत्याला पैसे म्हणजे साहाय्य. नियमाविरुद्ध तर होतंच. आणि चिप म्हणजे नकलेला अस्सल म्हणवणारं यंत्रच. चार झाले. माप तेवढं खोटं केलं नव्हतं म्हणावं, तर हातात वही उघडी होती.

संध्याकाळी यांना वही दाखवली. चष्मा लावून ओळ वाचली आणि म्हणाले, “मला तेव्हाच माहीत होतं. ऐंशी रुपयांत काय येतं ते कळत नाही का मला? पोरगं खूश होतं, म्हणून बोललो नाही.”

अठरा वर्षं मी लपवत होते, आणि हे जाणून गप्प होते! म्हणजे मुलाने केलं, मी करवलं, यांनी अनुमोदन दिलं. मी असं म्हटल्यावर हे म्हणतात कसे, “श्रावकाचं व्रत सहसा करणं-करवणं याचंच असतं. अनुमोदनाची मला सूट आहे!” हसू आलं. पण त्या रात्री प्रतिक्रमणात त्या ओळीवर माझा आवाज अडकला.

दुसऱ्या दिवशी नातवाला मी सगळं सांगितलं, वहीसकट. बी.कॉम. आजीने खोटी नोंद केली होती, हे ऐकून त्याचे डोळे मोठे झाले. मग बराच वेळ वही चाळत बसला. चिपचा विषय त्याने स्वतःहून पुन्हा काढला नाही. मी मनात ठरवलं की माझ्या बचतीतले 2800 रुपये एका नव्या कार्ट्रिजसाठी द्यायचे, वरचे त्याने खाऊच्या पैशांतून घालायचे. जुनं कार्ट्रिज स्वस्त पडलं असतं, पण त्यातलं काही बनवणाऱ्याला पोचत नाही. ही एक फेड मला नवीनच करायची होती.

माळ्यावरचं मशीनही खाली काढलं. लेन्स थकली आहे, डिस्क वाचत नाही. मुलगा म्हणाला, याला नव्या चिपची गरज नाही. एका खास मेमरी कार्डवरून ते सुरू करता येतं आणि गेम पेन ड्राइव्हवरून चालवता येतात. यूएसबीचा वेग कमी, त्यामुळे मधले व्हिडिओ अडखळतील एवढंच. हेही कुलूप उघडणंच नाही का, असं मी विचारलं. तर आपल्याच कायद्यात विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची, तो नष्ट होऊ नये म्हणून, प्रत ठेवायची मुभा आहे. हे मशीन बनणंही 2013 च्या सुमारास थांबलं. आमच्याकडे अस्सल डिस्क तीन. त्या तिघींच्याच प्रती करायच्या, असं ठरलं. बाकीच्या वीस नातवाने कात्रीने कापल्या.

वहीत मी नवीन नोंद केली. तारीख घातली, रक्कम 2800, आणि समोर लिहिलं, ‘2007 ची चिप व डिस्क, फेड’. यांची सही घेतली. सहीची गरज नव्हती, पण घेतली.

कळत-नकळत कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छा मि दुक्कडं.